सशाचे मांस मऊ शिजवणे : चूल आणि तापमापक यांचा वाद

सशाच्या अंगात चरबी फार थोडी असते आणि त्याचे मांस वातड होण्याचे पहिले कारण हेच आहे. बोकडाच्या मांसातील चरबी शिजताना वितळते आणि तंतू कोरडे पडू देत नाही. सशाच्या मांसाला हा आधार नाही, त्यामुळे शिजवणाऱ्याची चूक लगेच उघडी पडते. चरकसंहितेच्या मांसवर्गात शश जांगल, म्हणजे कोरड्या प्रदेशातल्या, प्राण्यांत धरला असून त्याचे मांस लघु आणि रूक्ष सांगितले आहे. हे गुण पचनाच्या अंगाने सांगितलेले आहेत, पण पातेल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘रूक्ष’ हा शब्द जसाच्या तसा पटावा.

दुसरे कारण स्नायूंच्या कामात आहे. रानससा बीळ करत नाही. तो उघड्यावर, गवतातल्या खळग्यात बसतो आणि संकट आले की पळण्यावरच जगतो. सतत राबणाऱ्या स्नायूंत रक्तवर्णी द्रव्य जास्त साठते, म्हणून त्याचे मांस गडद तांबडे असते. तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजनही वयाबरोबर घट्ट विणले जाते. पिंजऱ्यात वाढलेल्या सशाचे मांस फिकट, जवळजवळ कोंबडीसारखे असते. रानससा (लेपस) आणि पाळीव ससा (ओरिक्टोलॅगस) या दोन वेगळ्या प्रजाती असून त्यांचा संकर होत नाही. भारतातील बहुतेक पाळीव जाती परदेशी मुळाच्या आहेत.

पुणे जिल्ह्यातील वेळ नदीच्या काठचे तळेगाव ढमढेरे आणि भोवतालचा शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला आहे. चासकमान धरणाचे पाणी येण्यापूर्वी येथे ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी आणि मोकळे माळ एवढेच होते. ससा आणि तितर हे या माळांचे नेहमीचे रहिवासी. त्यांना फाशात धरण्याचे कसब मुख्यतः फासेपारध्यांकडे होते, तर वाघूर, म्हणजे जाळे, लावून ससे उठवणारे लोक गावोगावी असत. आता उसाच्या कडेने आणि पडीक रानात ससा दिसतो, पण त्याला हात लावता येत नाही. मांस शिजवण्याची जुनी पद्धत मात्र हातात आणि बोलण्यात शिल्लक आहे. येथील वाद तिच्यावरूनच सुरू होतो.

पुढील मांडणीत दोन बाजू आहेत. एक जत्रेत, लग्नात मटणाची पातेली उतरवणाऱ्या गावच्या आचाऱ्याची, दुसरी पुण्यात अन्नशास्त्र शिकवणाऱ्या त्याच्या भाचीची. या दोन व्यक्ती कल्पित आहेत. मते मात्र या भागात कोणत्याही चुलीपाशी ऐकायला मिळतील अशी आहेत.

मामा : रानातला ससा म्हंजी ससा. पिंजऱ्यातल्या त्या पांढऱ्याला ना चव, ना ताकद.

भाची : चवीचं राहू द्या, मामा. रानातला धरला तर आधी वनखातं दारात येईल.

हा मुद्दा चवीच्या आधी संपवणे भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाची शिकार हा गुन्हा ठरवला आहे. त्याचे मांस बाळगणे हाही गुन्हाच. पूर्वी हा प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची रचना बदलली, पण शिकारबंदी कायम राहिली. मसाल्यात शिजलेल्या तुकड्यावरूनही प्राणी कोणता हे डीएनए चाचणीने सांगता येते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने अशी पद्धत विकसित केली आहे, तेव्हा ‘शिजलं की कोण ओळखतंय’ हा समज आता चालत नाही. इंग्लंडमध्ये हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या पाकपुस्तकाच्या नावावर ‘आधी ससा पकडा’ अशी सूचना सांगितली जाते. ती त्या पुस्तकात नाही, लोकांनी चिकटवलेली आहे. आपल्याकडे ती गमतीने देण्याचीही सोय नाही.

उरतो तो पाळलेला ससा. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मांसासाठीच्या सशांवर बराच काळ काम केले आहे. सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट, व्हाइट जायंट, ग्रे जायंट या जातींची पिल्ले चांगल्या खाद्यावर १२ आठवड्यांत २ किलोच्या आसपास जातात आणि सोलल्यावर वजन साधारण निम्मे भरते. घेताना पावती घेऊन ठेवावी. सोललेला ससा पाहून तो कुठला हे प्रत्येकाला कळत नाही. फिकट मांस ही पहिली खूण असली, तरी पावती हा जास्त भक्कम पुरावा आहे.

मामाच्या सगळ्या युक्त्या मात्र रानसशावर आणि जून बोकडावर घडलेल्या आहेत. त्या तशाच्या तशा कोवळ्या पाळीव सशाला लावल्या तर मांस मऊ होण्याऐवजी दोऱ्यांसारखे सुटते आणि घशाखाली उतरत नाही. या वादात भाचीचे सर्वांत ठाम म्हणणे हेच आहे. ते बरोबरही आहे. तरीही मामाच्या हातातले काही तिला मान्य करावे लागते.

मामा : पहाटं कापलं, सूर्य उगवायला पातेल्यात. ताज्या मटणासारखं मऊ काय न्हाई. तुमच्या फ्रीजात ठेवून त्याचं मढं होतं.

भाची : मढं आधीच झालेलं असतं, मामा. प्रश्न ते ताठलेलं असतानाच शिजवायचं का, एवढाच आहे.

प्राणी मेल्यानंतर काही तासांत स्नायू ताठतात. सशासारख्या लहान प्राण्यात हे लवकर घडते. त्या अवस्थेतले मांस कितीही शिजवले तरी चिवट राहते. नंतर मांसातलीच विकरे तंतूंचे दुवे सैल करतात. सशाला त्यासाठी फ्रीजमध्ये १२ ते २४ तास पुरतात. ताठरपणा येण्यापूर्वीच, म्हणजे कापल्यावर लगेच चुलीवर चढलेले मांसही त्यातल्या त्यात बरे होते. जत्रेतला अनुभव खोटा नाही तो यामुळे. वाईट असतो तो मधला वेळ. सकाळी कापून आणलेला ससा दुपारपर्यंत ओट्यावर ठेवायचा आणि मग फोडणी द्यायची, हा घरोघरचा प्रकार सर्वांत चुकीचा. युरोपात थंडीत ससे आठवडाभर टांगून ठेवण्याची रीत होती. चाळिशी गाठणाऱ्या वैशाखात शिरूर तालुक्यात ती करून पाहण्याचे कारण नाही.

कापण्याबाबत दोघांचे लवकर जमते. खाटीक सगळ्याचे एकसारखे तुकडे करून देतो आणि निम्मे नुकसान तेथेच होते. पुढचे पाय, मागच्या मांड्या आणि पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे वेगळे ठेवायला सांगावे. मांड्यांना वेळ लागतो, पाठीचा पट्टा थोड्या वेळात शिजतो. त्या पट्ट्यावर चंदेरी पापुद्रा असतो. तो पातेल्यातल्या वेळात विरघळत नाही, आकसतो आणि खालचे मांस वाकडे करतो. सुरीचे टोक त्याच्याखाली सरकवून, पाते वरच्या बाजूला किंचित वळवून तो ओढून काढायचा. कामाला पाच मिनिटे पुरतात आणि ती वाया जात नाहीत.

मामा : मीठ शेवटी. आधी घातलं की पाणी सुटून मटण आटतं.

भाची : अर्ध्या तासानं बघितलं तर आटलेलंच दिसेल. रात्री लावा आणि सकाळी बघा.

मीठ प्रथम मांसातले पाणी बाहेर ओढते. काही तासांनी तेच खारे पाणी परत आत जिरते आणि मिठाने सैल झालेली प्रथिने ते धरून ठेवतात. म्हणून मीठ एक तर आदल्या रात्री लावावे, नाही तर फोडणीच्या वेळी. येथेही मधला वेळच वाईट. १ किलो मांसाला १२ ते १५ ग्रॅम मीठ, थोडी हळद आणि आले-लसणाचे वाटण लावून रात्रभर झाकून फ्रीजमध्ये ठेवले, तर चरबी नसल्याची भरपाई बऱ्याच अंशी होते. मऊपणासाठी एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

आंबटाबद्दलचा समज याच्या उलट आहे. दही, लिंबू, चिंच लावले की मांस मऊ होते असे सरसकट मानले जाते. मांसाचा सामू साधारण ५.६ ते ५.८ असतो. तो ५.२ च्या आसपास उतरला की प्रथिनांची पाणी धरण्याची ताकद सर्वांत कमी होते. तेव्हा बेताचे आंबट लावून बराच वेळ ठेवणे म्हणजे मांस कोरडे करण्याची तयारी. सामू ५ च्या बराच खाली गेला तर मांस फुगते आणि मऊ लागते, पण तेवढे आंबट जिभेला सोसत नाही. शिवाय आंबट आत काही मिलिमीटरच जाते. जर्मनांचा हासेनफेफर, फ्रेंचांचा सिव्हे हे वाइन-व्हिनेगरात मुरवलेले सशाचे प्रकार मऊ होतात ते पुढे तासन्‌तास मंद शिजवल्यामुळे.

मामा : मंग कच्ची पपई? ती तरी खोटी का?

भाची : ती खरी आहे. जरा जास्तच खरी.

कच्च्या पपईच्या चिकातले पपेन हे विकर प्रथिने तोडते आणि साधारण ५० ते ७० अंश सेल्सियसला ते सर्वांत जोरात काम करते. थंड मांसावर रात्रभर लावून ठेवण्यात फारसे हशील नाही. पातेले तापत असताना त्याचे खरे काम होते आणि उकळीजवळ ते थांबते. पपई आतवर जात नाही. वरचा थर मात्र पिठासारखा होतो. जून बोकडाच्या किलोभर मटणाला चमचाभर वाटलेली पपई अर्धा तास लावणे ठीक आहे. कोवळ्या सशाला ती लावू नये. पातेल्यात करवंटीचा तुकडा किंवा चमचा टाकून मटण लवकर शिजते यावर दोघांत थोडी खडाजंगी होते. त्यामागे सांगण्यासारखे कारण भाचीला सापडत नाही आणि मामाला ते शोधायचे नाही.

आता आचेचा प्रश्न. मामा याबद्दल अंदाजाने बोलत नाही, बघून बोलतो.

मामा : मटण आधी आखडतं, मंग सुटतं. आखडलं की नवशिका घाबरतो आन् जाळ लावतो. तिथंच बिघडतं समदं.

मांसाला काय होते याचे इतके नेमके वर्णन पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडते. साधारण ५० अंशांपासून तंतूंतली प्रथिने गोठू लागतात. ६० ते ६५ अंशांना कोलॅजनचे वेष्टण आकसते आणि आतला रस पिळून काढते. या टप्प्यावर मांस शिजलेले असते, पण कोरडे आणि वातड लागते. ७० अंशांच्या पुढे तेच कोलॅजन हळूहळू जिलेटिनात बदलू लागते, ८० ते ९० अंशांना हे वेगाने घडते आणि तुकडा सुटतो. म्हणजे जून मांसाला वातडपणाचा टप्पा पार करूनच मऊपणाकडे जावे लागते. कोवळ्या सशात विरघळवण्याजोगे कोलॅजनच थोडे. त्याला तितका प्रवास करवण्याची गरज नाही, उलट फार पुढे नेले तर हाती कोरडे तंतू राहतात.

खळखळून उकळल्याने मऊपणा लवकर येत नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असलेल्या या पठारावर पाणी ९८ अंशांजवळ उकळते. त्या उकळीत तुकडे आपटत राहतात, बाहेरचा भाग आतल्याच्या आधी कोरडा पडतो. पृष्ठभागावर मधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतकीच आच हवी. चुलीवर हे साधण्याची येथली रीत साधी आहे. मांस तेलात कांद्याबरोबर परतायचे, अंगचे पाणी सुटेपर्यंत पाण्याचा थेंब घालायचा नाही, मग पातेल्यावर खोलगट ताट झाकायचे आणि त्या ताटात पाणी ओतायचे. ताटाचा तळ गार राहतो, वाफ त्याला लागून थेंबाथेंबाने परत मांसावर पडते. वरचे पाणी कढत झाले की तेच रश्श्याला वापरायचे.

मामा : गार पाणी घातलं की मटण आखडून बसतं.

भाची : एकदा शिजलेलं मांस गार पाण्यानं नव्यानं आखडत नाही, मामा. पातेलं थंड पडतं, वेळ वाढतो आणि तुम्ही चिडून लाकडं पुढं सारता.

मामा : म्हंजी आखडतंच की.

कारण भाचीचे बरोबर आहे, सूचना मामाची. गार पाणी घालू नये.

कुकरवर दोघांचे जमत नाही. कुकरात दाबाखाली तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि कोलॅजन झपाट्याने विरघळते, पण रसही तितक्याच झपाट्याने बाहेर पडतो. सशाची हाडे बारीक असतात. शिट्ट्या जास्त झाल्या की बरगड्यांचे काटे सुटून रश्श्यात उतरतात आणि जेवणारा दाताने ते शोधत बसतो. १२-१४ आठवड्यांच्या सशाला कुकर लावू नये, एवढे दोघांना मान्य. मतभेद आहे तो पिल्ले घेऊन थकलेल्या जुन्या मादीबद्दल. भाचीच्या मते तिच्या मांड्या पाण्यासकट कुकरात एक-दोन शिट्ट्या काढून, दाब आपोआप उतरू देऊन, मग उघड्या पातेल्यात रश्श्यात मुरवाव्यात. गॅस वाचतो. शिटी उचलून वाफ एकदम सोडली तर आतले पाणी उसळून मांस कोरडे होते, हे ती आवर्जून सांगते. मामाच्या मते दीड तास मंद चुलीला पर्याय नाही आणि गॅसच वाचवायचा तर लाकडे आहेत. वेळ असणाऱ्याने मामाचे ऐकावे.

कोवळ्या सशाचा क्रम असा पडतो. मीठ लावून ठेवलेल्या मांड्या आणि पुढचे पाय तेलात परतून ताटाखाली मंद आचेवर साधारण ३० ते ४० मिनिटे शिजू द्यावेत. भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ आणि काळा मसाला यांचे वाटण निम्म्या वेळानंतर घालावे. वाटण आधीच घातले तर ते तळाला लागते, मग सारखे ढवळावे लागते आणि तुकडे फुटतात. पाठीचे पट्टे शेवटच्या आठ-दहा मिनिटांत सोडावेत. मांस आतपर्यंत ७१ अंशांना पोचणे सुरक्षिततेसाठी आवश्यक मानले जाते. तापमापक नसेल तर मांडीच्या सांध्यात सुरीचे टोक घालून पाहावे. रस स्वच्छ यावा आणि हाड हलवल्यावर मांस मागे सरकावे. हाड हातात सुटून आले तर कोवळ्या सशाची वेळ टळून गेली. जुन्या मादीची मात्र तेव्हाच भरली. लिंबू ताटात पिळावे.

चरबीची उणीव दुसऱ्या बाजूनेही भरता येते. युरोपातले आचारी सशाच्या पाठीवर डुकराच्या चरबीच्या पट्ट्या बांधत. तळेगावच्या आचाऱ्याकडे त्याला जोड आहे. तो मूठभर बोकडाची चरबी आधी पातेल्यात वितळवतो, तिच्यातच मांस परततो आणि कुरकुरीत झालेले तुकडे काढून ठेवतो. ते सहसा पंगतीपर्यंत पोचत नाहीत. खोबरे-तिळाचे वाटण आणि वर आलेला कट हेही त्याच कामाचे. केवळ सशाच्या मांसावर दिवसेंदिवस राहणारी माणसे चरबीअभावी आजारी पडतात, हे उत्तर ध्रुवाकडील प्रवाशांनी नोंदवले आहे. भाकरी आणि तेलाच्या तवंगाबरोबर ससा खाणाऱ्याला ती भीती नाही.

उरलेल्या रश्श्याबद्दल दोघे पुन्हा एका ओळीत येतात. रस्सा फार वेळ बाहेर न ठेवता थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी तो थरथरीत गोठलेला दिसला तर कोलॅजनचे जिलेटिन नीट झाले आहे आणि मांस रात्रीपेक्षा रसाळ लागेल. पाण्यासारखा पातळ राहिला तर रश्श्यात पाणी जास्त झाले किंवा जून मांड्यांना आच कमी मिळाली. तसे असेल तर त्यांना आणखी अर्धा तास मंद आचेवर ठेवावे. पाठीचे पट्टे आधी काढून घ्यावेत आणि वाढताना गरम रश्श्यात बुडवून पूर्ण कढत झाल्यावरच वाढावेत. गरम करायचा तो लागेल तेवढाच. सारे पातेले वारंवार उकळले की दुसऱ्या खेपेला मांसाचा चोथा होतो.